खेळाची डेटा फाईल आणि घरातील फोन

महाराष्ट्रातील अनेक घरांत आज एकच स्मार्टफोन असतो. तो नावाने एका व्यक्तीचा असला तरी वापराने सर्व कुटुंबाचा असतो. दूध संस्थेच्या बिलाचा संदेश त्यावर येतो, पीक विम्याचा अर्ज त्यावरून भरला जातो, बँकेकडून येणारा एकवेळचा सांकेतिक क्रमांक, म्हणजेच ओटीपी, त्याच फोनवर येतो आणि शाळेचा गृहपाठही त्याच फोनवर. सायंकाळी तो मुलांच्या हाती जातो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद होऊन शिक्षण फोनवर आले, तेव्हा मुलांच्या हाती फोन देणे हा पालकांचा नाइलाज होता. पुढे त्याची सवय झाली.

या फोनवर मुले खेळ खेळतात, आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु खेळात झटपट वरचढ ठरण्यासाठी फसवणुकीची साधने वापरण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याकडे शिक्षक व पालक बहुधा शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहतात. मुलाने खेळात लबाडी केली, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. वस्तुतः यात खेळाचे नुकसान दुय्यम असून, फोनचे आणि त्यावर विसंबून असलेल्या व्यवहारांचे नुकसान अधिक मोठे असते. त्यातही ‘बदललेली डेटा फाईल’ हा प्रकार सर्वांत निरुपद्रवी समजला जातो. हा प्रोग्राम नव्हे, ही केवळ चित्रांची आणि आकड्यांची फाईल आहे, तिच्यामुळे काय बिघडणार, असे सांगूनच ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. हा समज कितपत बरोबर आहे हे ठरविण्यासाठी मोठा खेळ फोनमध्ये कसा साठविलेला असतो, तेथून आरंभ करावा लागतो.

मोहोर कोठे असते?

ॲन्ड्रॉइड पद्धतीच्या फोनवरील मोठ्या खेळाचे साधारणतः दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे खेळाचा प्रोग्राम. तो ‘एपीके’ नावाच्या गठ्ठ्यात बांधलेला असतो. दुसरा भाग म्हणजे त्या प्रोग्रामला लागणारी सामग्री : भूप्रदेशाचे नकाशे, घरे, झाडे, गवत, पात्रांचे पोशाख, आवाज, तसेच गाडीचा वेग किंवा बंदुकीचा हिसका ठरविणारे आकडे. ही सामग्री आकाराने प्रचंड असते. गूगलच्या प्ले स्टोअरवर एपीकेच्या आकाराला १०० एमबीची मर्यादा होती, तेव्हा उरलेली सामग्री ‘ओबीबी’ या प्रकारच्या फाईलींत, प्रत्येकी २ जीबीपर्यंत, वेगळी ठेवण्याची सोय करण्यात आली. ऑगस्ट २०२१ पासून नव्या खेळांसाठी ही पद्धत बदलली. तथापि जुन्या खेळांच्या ओबीबी फाईली आणि खेळ सुरू झाल्यानंतर उतरवून घेतलेल्या अन्य डेटा फाईली फोनच्या साठवणीत स्वतंत्रपणे राहतातच.

आता या दोन भागांतील महत्त्वाचा भेद असा की, एपीकेवर तो तयार करणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. गठ्ठ्यातील एक अक्षर जरी बदलले तरी ती सही जुळत नाही आणि फोन तो गठ्ठा स्वीकारीत नाही. बदललेल्या एपीकेवर फसवणूक करणाऱ्यास स्वतःची दुसरी सही करावी लागते. आणि सही वेगळी असल्यामुळे मूळ खेळावर तो गठ्ठा बसविता येत नाही. “आधी खेळ काढून टाका, मग आमचा टाका” ही सूचना अशा प्रत्येक साधनासोबत असते, तिचे कारण हेच होय. ओबीबी व तत्सम डेटा फाईली मात्र या सहीच्या कक्षेबाहेर राहतात. त्या खऱ्या आहेत की नाहीत हे तपासण्याची जबाबदारी फोनची नसून खेळाच्या प्रोग्रामची असते, आणि सर्व खेळ ती सारख्याच काटेकोरपणे पार पाडतात असे नाही.

खरेदीखताच्या व्यवहारात असलेल्यांना हे चटकन उमगेल. दस्ताच्या प्रत्येक पानावर शिक्का व सही आहे, परंतु सोबतच्या नकाशावर ती करावयाची राहून गेली आहे, अशी कल्पना करावी. दस्तास कोणी हात लावणार नाही. नकाशाचे पान मात्र बदलता येईल. खेळातील फसवणूक नेमकी या न शिक्कलेल्या पानावर होते.

तेथे काय काय बदलले जाते? गवताचे चित्र काढून टाकले की गवतात दडलेला प्रतिस्पर्धी उघडा पडतो. भिंतीचा पोत पारदर्शक केला की पलीकडचा दिसतो. प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला भडक रंग दिला, किंवा त्याच्या डोक्यावर आकाशापर्यंत जाणारी काठी उभी केली (मुले यास ‘अँटेना’ म्हणतात), की तो कोठे लपला आहे हे दुरूनही कळते. पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रे उमटावीत याची नोंद करणारी फाईल बदलून, फोनला न दिलेली ९० चित्रांची गती चालू करून घेणे हा त्यातला सौम्य प्रकार. पबजी मोबाईलच्या चालकांनी अशी फाईल बदलणारी साधनेही निषिद्ध ठरविली होती, हे खेळणाऱ्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. त्यांच्या दृष्टीने ती ‘सेटिंग’च असते.

याहून वेगळा मार्ग म्हणजे खेळ चालू असताना फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेले आकडे बदलणे. गेमगार्डियनसारखी साधने हे काम करतात. त्यांना चालविण्यासाठी छोट्या आज्ञावल्या लागतात. या आज्ञावल्याही फाईल म्हणूनच वाटल्या जातात, आणि त्यांतील पुष्कळशा कुलूपबंद, म्हणजे वाचता न येणाऱ्या स्वरूपात असतात. आत काय लिहिले आहे हे न पाहता ती फाईल चालविणे म्हणजे न वाचता कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखे आहे.

पासबुक आणि बँकेची खातेवही

येथे एका भ्रमाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण मुलांना जाळ्यात ओढण्यासाठी त्याचाच सर्वाधिक उपयोग केला जातो. ‘ही फाईल टाका आणि हवे तितके हिरे मिळवा’, ‘अमर्याद नाणी’, अशा जाहिराती चित्रफितींच्या खाली सर्रास आढळतात. फ्री फायरचे हिरे किंवा बीजीएमआयचे यूसी हे त्या खेळांतील चलन खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागते. त्यांचा हिशेब फोनमध्ये ठेवलेला नसतो. तो खेळ चालविणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर असतो. फोनवर दिसतो तो केवळ त्या हिशेबाचा उतारा.

आपल्या पासबुकात शाईने दोन शून्ये वाढविली म्हणून बँकेतील शिल्लक वाढत नाही. तसेच फोनमधील फाईल कितीही बदलली तरी सर्व्हरवरील खातेवही बदलत नाही; फार तर पडद्यावर क्षणभर मोठा आकडा दिसेल. यावरून एक सोपी कसोटी हाती येते. एकट्याने, नेटशिवाय खेळावयाच्या खेळात नाण्यांची फाईल बदलता येणे शक्य असते. पण ज्या खेळात अनेकजण नेटवरून एकत्र खेळतात, त्यातील विकतचे चलन फुकट देण्याचा दावा करणारी फाईल जवळजवळ निश्चितपणे खोटी असते. मग ती कोणी व कशासाठी तयार केली, हा प्रश्न उरतो. जी वस्तू सांगितलेले काम करूच शकत नाही, ती दुसरेच काही काम करण्यासाठी पाठविलेली असण्याचा संभव अधिक.

खेळातील आकडे बदलण्याची हौस मात्र जुनी आहे, आणि ती सदैव दुष्ट हेतूची नव्हती. १९९० च्या सुमारास ‘गेम जिनी’ नावाचे एक उपकरण निघाले होते. खेळाची कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये ते बसवीत. कॅसेटमधील मजकुरास हात न लावता वाटेत एखादा आकडा ते बदलून देई, आणि खेळणाऱ्यास अधिक ‘जीव’ मिळत. निन्टेन्डो कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु १९९२ मध्ये अमेरिकेतील अपील न्यायालयाने निकाल उपकरणाच्या बाजूने दिला. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनी आणि डेटेल यांच्यातील वादात असे ठरविले की, मूळ प्रोग्रामला न बदलता केवळ चालू स्मृतीतील चल आकडे बदलणे म्हणजे त्या प्रोग्रामच्या लेखाधिकाराचा भंग नव्हे. घरात बसून स्वतःशीच खेळणाऱ्याने स्वतःलाच फसविले तर त्यात तिसऱ्याचे काही जात नाही, अशी ही समजूतदार भूमिका म्हणता येईल. परंतु गेम जिनीला बँकेचे संदेश वाचता येत नव्हते. आजच्या साधनाला ते येऊ शकते, आणि सारा फरक येथे आहे.

दारे कोण उघडतो?

बदललेली फाईल योग्य जागी ठेवण्यासाठी फोनचे एकेक संरक्षण काढून घ्यावे लागते. हे काम बाहेरचा कोणी करीत नाही. खेळणारा मुलगा स्वतः, चित्रफीत पाहत पाहत, पायरीपायरीने करतो.

पहिली पायरी म्हणजे अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसविण्यास परवानगी देणे. दुसरी म्हणजे घातक ॲप हुडकणारी ‘प्ले प्रोटेक्ट’ ही तपासणी बंद करणे. ‘ती चुकून धोका दाखवते, घाबरू नका’ असे चित्रफितीत सांगितलेले असते. तिसरी पायरी फाईल ठेवण्याची. २०२० मध्ये आलेल्या ॲन्ड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या डेटा व ओबीबी कप्प्यात हात घालता येत नाही. हा बदल सुरक्षिततेसाठीच करण्यात आला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, फसवणुकीच्या साधनांना पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मागावे लागू लागले. त्यासाठी दोन वाटा प्रचारात आहेत.

त्यांतील एक ‘रूट’ करण्याची. फोनमधील प्रत्येक ॲप स्वतःच्या खोलीत कोंडलेले असते. एकाला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. रूट करणे म्हणजे सर्व खोल्यांची एकच किल्ली तयार करणे. ती किल्ली ज्या ॲपच्या हाती जाईल त्याला सर्व खोल्या उघड्या. अनेक बँकांची ॲप रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात ते याच कारणाने, आणि घरातील मोठ्या माणसास ‘बँकेचे ॲप का चालत नाही’ हे पुष्कळदा समजतच नाही. दुसरी वाट ‘आभासी जागा’ देणाऱ्या ॲपची. येथे फोन रूट करावा लागत नाही, म्हणून ती सुरक्षित भासते. परंतु खेळ त्या ॲपच्या पोटात चालत असल्यामुळे खेळात टाकलेले नाव, परवलीचा शब्द आणि गूगल वा फेसबुक खात्याची ओळख हे सर्व त्या ॲपच्या नजरेखाली राहते.

चौथी पायरी सर्वांत घातक आहे. अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून ॲन्ड्रॉइडमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची सेवा आहे. तिची परवानगी असलेले ॲप पडद्यावरील मजकूर वाचू शकते आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबू शकते. आंधळ्या माणसाच्या सोबत्याला दिलेला हा अधिकार चोराच्या हाती पडला तर काय होईल हे सांगावयास नको. बाहेरून बसविलेल्या ॲपला ही परवानगी सहजी मिळू नये म्हणून २०२२ मधील ॲन्ड्रॉइड १३ पासून आडकाठी घालण्यात आली आहे; आणि ती आडकाठी कशी काढावी हेही आता त्याच चित्रफितींतून शिकविले जाते.

हे केवळ तर्काचे म्हणणे नव्हे. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा खेळ काही देशांतच प्रथम प्रकाशित झाला. इतरत्र त्याची एपीके फाईल बाहेरून मिळविण्याची झुंबड उडाली. खेळ प्रकाशित होऊन ७२ तास होण्याच्या आतच ‘ड्रॉइडजॅक’ हे दूरनियंत्रणाचे साधन आत दडविलेली त्याची एक प्रत प्रूफपॉइंट या सुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांना सापडली. खेळ नेहमीसारखाच दिसत होता; फरक होता तो मागितलेल्या परवानग्यांत. संदेश वाचणे, ध्वनिमुद्रण करणे अशा ज्या गोष्टींची खेळाला गरज नाही, त्यांची मागणी त्या प्रतीत होती.

मार्च २०२१ मध्ये ॲक्टिव्हिजन या कंपनीने संगणकावरील कॉल ऑफ ड्यूटी खेळाबाबत जो अहवाल प्रसिद्ध केला, तोही येथे उद्बोधक आहे. फसवणुकीचे साधन म्हणून दिलेली फाईल प्रत्यक्षात दुसरा घातक प्रोग्राम उतरवून घेणारी होती. फसवणुकीच्या साधनांना संगणकावरील सर्वोच्च अधिकार लागतातच आणि विषाणूरोधक बंद ठेवण्याची सूचनाही त्यांच्यासोबत नेहमी असते. त्यामुळे तीच सूचना देणाऱ्या चोराचा संशय कोणास येत नाही, हा त्या अहवालाचा मथितार्थ. चोराला कुलूप फोडावे लागले नाही. घरमालकाने ते आपण होऊन काढून ठेवले होते.

आता मूळ शंकेकडे वळता येईल. हे सर्व ॲपविषयी झाले. डेटा फाईल तर केवळ डेटा आहे. परंतु डेटा कधीच आपोआप पडद्यावर येत नाही. तो वाचणारा प्रोग्राम असतो, आणि त्या वाचणाऱ्यात उणीव असेल तर मुद्दाम विकृत केलेली फाईल त्याला हवे ते करावयास लावू शकते. जुलै २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टेजफ्राइट’ या दोषामुळे ॲन्ड्रॉइड फोन केवळ एका चित्रफितीच्या फाईलने ताब्यात घेता येण्याजोगे झाले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ या प्रकारची चित्रे वाचणाऱ्या व जगभर वापरल्या जाणाऱ्या भागात तसाच दोष आढळला व तो तातडीने दुरुस्त करावा लागला. चित्रफीत आणि चित्र ही दोन्ही ‘केवळ डेटा’च होती. ज्या जुन्या फोनांना नव्या दुरुस्त्या येणे थांबले आहे (आणि मुलांच्या हाती बहुधा असेच फोन असतात), त्यांत असे दोष कायम राहतात.

फाईल कोठे ठेवली आहे यालाही महत्त्व आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये एपिक कंपनीने फोर्टनाइट हा खेळ प्ले स्टोअरऐवजी स्वतःच्या ॲपमधून देण्यास सुरुवात केली. ते ॲप खेळाचा गठ्ठा उतरवून फोनच्या सामायिक साठवणीत ठेवी. साठवणीत लिहिण्याची परवानगी असलेले दुसरे कोणतेही ॲप मधल्या क्षणी तो गठ्ठा बदलून स्वतःचा ठेवू शकत होते. गूगलच्या तज्ज्ञांनी ही उणीव दाखविली आणि एपिकने ती लागलीच दूर केली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अधिकृत मार्गातही जर ही फट राहू शकते, तर निनावी माणसाने पाठविलेल्या, कोणत्या कप्प्यात टाकावयाची हेही त्यानेच सांगितलेल्या फाईलीबद्दल काय म्हणावे?

खाते जाणे आणि पैसा जाणे

खेळ चालविणाऱ्या संस्था डेटा फाईलींची तपासणी करतात. फाईलीतील मजकुरावरून गणिताने एक ठसा काढला जातो. मूळ फाईलीच्या ठशाशी तो जुळला नाही तर बदल झाल्याचे कळते. ही तपासणी प्रत्येक वेळी होतेच असे नाही. त्यामुळे ‘माझे खाते दोन आठवडे चालले, म्हणजे फाईल सुरक्षित आहे’ हे मुलांचे अनुमान चुकीचे ठरते. पुष्कळदा नोंद आधी होते व बंदी मागाहून, अनेक खात्यांवर एकदम, घातली जाते. पबजी मोबाईलमध्ये अशा खात्यांवर १० वर्षांची बंदी घालण्याचा प्रघात होता. खात्यात पालकांच्या पैशांनी घेतलेली सामग्री असेल तर ती त्याबरोबर गेली, आणि नियम मोडलेले असल्यामुळे परतावा मागण्यास जागा राहत नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९-अ अन्वये ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाईल होता. १४ फेब्रुवारी २०२२ च्या सुमारास आणखी ५४ ॲप बंद झाली, त्यांत गरेनाचा फ्री फायर होता. पबजीच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय हा खेळही जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढण्यात आला व मे २०२३ मध्ये परत आला. बंदीची कारणे येथे प्रस्तुत नाहीत. परंतु अधिकृत दुकानातून खेळ नाहीसा झाला की तो मिळविण्याची वाट एपीके आणि ओबीबी फाईलींच्या हस्तांतराचीच उरते. त्या काळात मुलांनी ही फाईल कोठून घ्यावी, कोणत्या कप्प्यात टाकावी, कोणता इशारा दुर्लक्षावा, याचे रीतसर शिक्षण एकमेकांकडून घेतले. खेळ परत आला. ती सवय मात्र गेली नाही. बंदीचा विचार करताना या बाजूचा विचार फारसा झाला नाही, असे म्हणावे लागते.

फसवणुकीची साधने बनविणे हा आता मोठा धंदा आहे. चीनमधील जिआंग्सू प्रांतातील कुन्शान येथील पोलिसांनी टेन्सेन्ट कंपनीच्या साहाय्याने उघडकीस आणलेल्या एका टोळीची हकीकत मार्च २०२१ मध्ये जगभर प्रसिद्ध झाली. दहा जणांना अटक झाली, सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली आणि टोळीची एकूण उलाढाल सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर असल्याचे सांगण्यात आले. गिऱ्हाइकांकडून दिवसाला १० डॉलरपासून महिन्याला २०० डॉलरपर्यंत वर्गणी घेतली जाई. जे साधन अन्यत्र या दराने विकले जाते, ते खेड्यातील मुलाला कोणी फुकट देत असेल, तर त्याची किंमत तो अन्य मार्गाने वसूल करणार हे उघड आहे.

दक्षिण कोरियाने या धंद्याविरुद्ध स्वतंत्र तरतूद केली. तेथे जून २०१७ पासून फसवणुकीची साधने तयार करून वाटणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ कोटी वॉनपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत पोकेमॉन गोच्या निर्मात्या नियान्टिक कंपनीने बदललेल्या प्रती वाटणाऱ्या गटावर २०१९ मध्ये दावा लावला. २०२१ मध्ये ५० लाख डॉलर आणि कायमचा मनाई हुकूम यांवर तो मिटला. आपल्याकडे खेळातील फसवणुकीसाठी असा वेगळा कायदा नाही. तथापि परवानगीवाचून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणे, त्यात घातक प्रोग्राम सोडणे ही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खालील कृत्ये आहेत; दुसऱ्याचा परवलीचा शब्द वापरणे कलम ६६-क खाली आणि तोतयेगिरी करून ठकविणे कलम ६६-ड खाली येते. फाईल टाकणारा मुलगा या प्रकरणांत बहुधा आरोपी नसून फसवला गेलेला असतो, हे तक्रार नोंदविणाऱ्यांनी ध्यानात ठेवणे इष्ट होय.

शाळेत व गावात

समजा, एखाद्या घरी वडिलांच्या फोनवर नववीतील मुलाने अशी फाईल टाकली. दोन दिवसांनी फोन तापू लागतो, बॅटरी लवकर उतरते, बँकेचे संदेश उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत, आणि कोणत्या तरी अनोळखी ॲपला संदेश वाचण्याची परवानगी असल्याचे आढळते. मुलाला कारण ठाऊक असते. पण तो बोलत नाही, कारण बोलल्यास मार बसेल. या प्रकरणात सर्वांत महाग पडते ते हे मौन. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ठरवून दिलेल्या नियमांत खातेदाराच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत खातेदाराचे व कळविल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व होते. म्हणजे मूल किती लवकर बोलते यावर रक्कम अवलंबून राहू शकते. शिक्षकांनी वर्गात हा विषय काढताना ‘कोणी असे करू नये’ यापेक्षा ‘कोणी केले असेल तर आजच घरी सांगा’ हे आधी सांगितले, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

असे घडल्याचा संशय येताच फोनचे नेट व सिमचे जाळे बंद करावे, आणि बँकेस दूरध्वनी दुसऱ्या फोनवरून करावा. परवलीचे शब्दही दुसऱ्याच फोनवरून बदलावेत. बाधित फोनवर बदललेला शब्द चोराला लगेच कळतो. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. तेथे खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम व वेळ विचारली जाते, ती लिहून जवळ ठेवल्यास वेळ वाचतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर करवसुलीच्या सूचनेशेजारी हा क्रमांक रंगविणे फार खर्चाचे काम नाही.

शिक्षकांचे व ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे फोन याहून जोखमीचे असतात. विद्यार्थ्यांची माहिती, हजेरी, लाभार्थ्यांची यादी, कार्यालयीन खात्यांचे प्रवेश हे त्यांवर असते, आणि तोच फोन घरी मुलाकडे जातो. ॲन्ड्रॉइडच्या अनेक फोनांत दुसऱ्या वापरकर्त्याची वेगळी नोंद करण्याची सोय असते. ती वापरल्यास मुलाच्या विभागातून सामान्यतः कार्यालयीन विभागातील मजकूर दिसत नाही. तथापि फोन रूट केल्यास ही भिंतही उरत नाही, म्हणून कार्यालयीन काम असलेला फोन मुलांना न देणेच बरे.

फोन स्वच्छ करण्यासाठी तो मूळ स्थितीत आणणे हा खात्रीचा उपाय समजला जातो, आणि रूट न केलेल्या फोनबाबत तो बहुतांशी पुरतो. त्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे वेगळी काढून ठेवावीत. ॲप मात्र जुन्या साठ्यातून परत न आणता अधिकृत दुकानातूनच पुन्हा घ्यावीत. रूट केलेला फोन जाणकाराकडून कंपनीच्या मूळ प्रणालीवर आणून घ्यावा लागतो. यात नेहमी विसरली जाते ती मेमरी कार्डाची गोष्ट. फोन पुसला तरी कार्ड तसेच राहू शकते, आणि बदललेल्या फाईलीची मूळ प्रत बहुधा त्याच कार्डावरील ‘डाउनलोड’ कप्प्यात पडून असते. फोन दुरुस्त होऊन आला की मूल खेळ पुन्हा बसविते, आणि कार्डावरची तीच फाईल पुन्हा हाताशी असते.